रुसव्याचा रकाना

आमच्या घराण्यात कोण कोण आमच्यावर रुसलं आहे, याची अद्ययावत यादी मी संगणकावर ठेवतो.

यात लाजण्यासारखं काही नाही. ही यादी सोलापुरात घरोघरी असते, फक्त ती बायकांच्या डोक्यात असते. माझ्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून मी तिचा डेटाबेस केला. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. बावीस वर्षं विद्यार्थ्यांची नावं, पत्ते आणि जन्मतारखा रकान्यांत बसवतो आहे. समोर माणूस आला की आधी मनात येतं, याला कुठल्या रकान्यात घालावं? (बायको म्हणते, म्हणूनच माझ्याशी कुणी फार वेळ बोलत नाही.)

शुक्रवार पेठेतल्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, त्याच आठवड्यात मी ही नातेवाइकांची फाईल बनवली. नाव, गाव, मोबाईल नंबर, घरात माणसं किती, आणि मग 'रुसवा'. रुसवा या रकान्यात एक छोटा चौकोन. माणूस रुसलेला असेल तर चौकोनात बरोबरची खूण, नसेल तर चौकोन रिकामा. त्याच्या शेजारी 'कारण'. पुढच्या कार्यात पत्रिका कुणाला द्यायची आणि कुणाच्या दारावरून मान खाली घालून जायचं, ते एका बटणात कळावं! एकतीस घरांपुढे खूण होती. ही माझी आयुष्याची कमाई.

त्या एकतिसांतलं एक घर फार जड होतं. मंद्रूपचे मलकाप्पा अण्णा, म्हणजे माझ्या बायकोचे, महानंदाचे, एकुलते एक थोरले भाऊ. नऊ वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला आले आणि न जेवता निघून गेले. पुन्हा त्यांनी आमचा उंबरा चढला नाही. महानंदानं मला विचारलं, "अहो, अण्णा का गेला?" मी म्हणालो, "टॉवेल-टोपीचा मान द्यायचा राहिला, त्याचा राग आला असेल."

तीही मंद्रूपचीच. म्हणाली, "एका टोपीपायी भाऊ बहिणीच्या घरनं उपाशी जातो? मग मी बी न्हाय जायची!"

आणि खरोखर गेली नाही. पंचमीला पेठेतल्या सगळ्या लेकी-सुना माहेरी जायच्या आणि ही दिवसभर गहू निवडत बसायची. निवडलेलेच गहू पुन्हा निवडायची. मी पेपर तोंडासमोर धरायचो, कारण खरं कारण टोपी नव्हतं. खरं कारण तिघांनाच ठाऊक होतं. अण्णांना, मला आणि माझ्या फाईलला.

आता एका प्रशिक्षणाकडे येतो.

सोलापुरात आमचा एक छोटा गट आहे. सगळं जग इंटरनेटवर गेलं, तरी आपलं काम आपल्याच टेबलावरच्या संगणकात, आपल्याच डेटाबेसात ठेवणारी ही माणसं. दवाखान्याचा कंपाउंडर, वाचनालयाच्या बाई, यंत्रमागाचे सुटे भाग विकणारे एक दुकानदार, शाळांचे कारकून. शिवाय अशा फायली दुसऱ्यांना बनवून देणारे चारपाच जण, ज्यांना आम्ही आदरानं डेव्हलपर म्हणतो. महिन्यातून एकदा चहा प्यायचा आणि एकमेकांच्या अडलेल्या फायली सोडवायच्या. यंदा कुणीतरी म्हणालं, आपण सगळ्यांसाठी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण ठेवू या. पुण्याचे जोगळेकर सर यातले जुने जाणकार. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मानधन नको. फक्त शिकणारी माणसं हवीत."

जमवाजमव माझ्याकडे आली. माझ्या ओळखीचं एक मंगल कार्यालय त्या रविवारी मोकळं होतं. जेवणाच्या लांब टेबलांवर लॅपटॉप छान मांडता येतात, हे मी तिथंच पहिल्यांदा ओळखलं. सगळं ठरलं. नावं आली बेचाळीस. आणि कार्यालयात खुर्च्या दोनशे!

माझी झोप उडाली. पुण्याच्या माणसासमोर सोलापूरच्या खुर्च्या रिकाम्या? उद्या हा माणूस तिकडे जाऊन काय सांगेल? मग मला नातेवाईक आठवले. ज्यांचं आमच्याशी बरं आहे, अशांना बोलवावं. त्यांतल्या निम्म्यांची दुकानं आहेत, दुकानांत संगणक आहेत. चार गोष्टी शिकतील, खुर्च्याही भरतील.

फाईल उघडली. रुसव्याच्या रकान्यावरून माणसं निवडायची होती. आता, आमच्या ऑफिसच्या डेटाबेसात बरोबरची खूण असलेला विद्यार्थी तो चालू, आणि खूण नसलेला तो बाद. बावीस वर्षांची सवय! बोटांनी डोक्याला न विचारता खूण असलेले सगळे उचलले. एकतीस नंबर समोर आले. एवढे कमी कसे, असं क्षणभर वाटलं. मग मनात म्हटलं, बाकीचे रुसले असतील. (माझा माझ्या स्वभावावर पूर्ण विश्वास आहे.) आणि एकतिसांनाही एकगठ्ठा निरोप धाडून दिला.

निरोप असा होता: 'सप्रेम नमस्कार. येत्या रविवारी मंगल कार्यालयात (पत्ता सोबत) एकदिवसीय डेस्कटॉप डेटाबेस प्रशिक्षण आयोजिले आहे. चहा, नाश्ता व भोजनाची सोय आहे. सहकुटुंब यावे. आपलाच, सिद्धाराम.'

यातले 'डेस्कटॉप डेटाबेस प्रशिक्षण' हे तीन शब्द एकतिसांतल्या एकाही घरानं वाचले नाहीत. मंगल कार्यालय सगळ्यांनी वाचलं. भोजनाची सोय सगळ्यांनी वाचली. त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही, हेही पंचांगात पाहिलं, आणि सर्वानुमते निष्कर्ष काढला की सिद्धारामच्या पोरीचा साखरपुडा आहे!

रविवारी सकाळी नऊ वाजता पहिली रिक्षा थांबली. तिच्यातून मोहोळची सुंद्राआत्या उतरली. मागून तिची दोन मुलं, दोन सुना आणि कापडात बांधलेली एक सोलापुरी चादर. (सोलापुरात आहेर म्हणून सोलापुरी चादरच देतात. घेणाऱ्याकडे आधीच्या वीस असल्या तरी.) सुंद्राआत्या आमच्यावर अकरा वर्षं रुसलेली. तिला पाहून माझ्या हातातला बिल्ल्यांचा खोका खाली पडला.

"काय रं सिद्ध्या, अक्षता घेऊन घरी यायचं सोडून मोबाईलवर बोलवतूस व्हय?" आत्या कडाडली. "आले म्या, ती पोरीच्या तोंडाकडं बघून!"

"आत्या, हे प्रशिक्षण आहे."

"असू दे की. सरकारी हाय का?"

"कोण?"

"जावई!"

मी मोबाईल काढून कुणाकुणाला निरोप गेला ते पाहिलं. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्याला घाम फुटला. एकतीसच्या एकतीस! तीस वर्षांत आम्ही ज्यांना ज्यांना दुखावलं, त्या सगळ्यांना मी जेवायला बोलावलं होतं. आणि ज्यांचं आमच्याशी गूळपीठ होतं, त्यांच्यातल्या एकालाही नाही!

तोवर रिक्षा, जीप आणि एक टेम्पो लागला होता. नावनोंदणीच्या टेबलावर माझी मुलगी शिवानी बसली होती. पुण्याला नोकरी करते, बापाच्या मदतीला म्हणून दोन दिवस आलेली. तिच्याभोवती बायकांचं कडं पडलं.

"अगं बया, नवरी टेबलावर बसून नावं लिवतीय!"

"साडी बी न्हाय नेसली!"

शिवानी गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली. "बाबा, माझं लग्न ठरलंय आणि मला कुणी कळवलं नाही?"

"मलाही आत्ताच कळलं," मी म्हणालो.

इतक्यात जोगळेकर सर आले. गोरा वर्ण, पांढरा सदरा, चष्मा, हातात बॅग, पुण्याची गाडी. व्याही ओळखायला आणखी काय लागतं? रुसलेल्यांतल्याच गुरुनाथकाकांनी पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. सुंद्राआत्याच्या सुनेनं पायांवर तांब्याभर पाणी ओतलं. सरांचे बूट, मोजे सगळं भिजलं. पण सर गहिवरले! मला म्हणाले, "तीस वर्षं शिकवतोय हो. एवढा सन्मान कुठे झाला नाही. सोलापूरकरांना ज्ञानाची कदर आहे." मी मान डोलावली.

आणि मग फाटकापाशी मला पांढरं धोतर दिसलं.

मलकाप्पा अण्णा. आत येत नव्हते, बाहेर जात नव्हते. काखेत कागदात गुंडाळलेली साडी. नऊ वर्षांत मिशी पार पांढरी झाली होती. मी जवळ गेलो. म्हणालो, "या."

"भाची हाय माझी," अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले. "मामाबिगर पोरगी पाटावर बसली, असं कुनी म्हनायला नको. तुमच्यासाठी न्हाय आलो, दाजी."

ते जाऊन शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. महानंदा आत आचाऱ्याजवळ होती. ती कशाला तरी बाहेर आली आणि तिला भाऊ दिसला. भावालाही बहीण दिसली. दोघांनी एकाच वेळी माना दोन बाजूंना फिरवल्या. सख्खी भावंडं, याला दुसरा पुरावा नको.

तिनं मला खांबाआड ओढलं. "अण्णाला कुणी बोलवलं?"

"मी."

"तुम्ही? आपनहून?"

"हो."

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "हेच आधी का न्हाय केलंत?" आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. मला खरं सांगायला हवं होतं. पण माणसानं आयतं चालून आलेलं श्रेय सोडू नये, असा माझा स्वभाव. एका खोट्यावर मी दुसरं खोटं रचलं आणि पुन्हा फाटकाकडे वळलो. अजून माणसं येतच होती.

आत सरांनी प्रशिक्षण सुरू केलं. समोर बेचाळीस शिकणारे, मागे सत्त्याण्णव रुसलेले. सरांचा आनंद गगनात मावेना. ते म्हणाले, "मी पुस्तकातली उदाहरणं देणार नाही. एखादी खरीखुरी, घरी बनवलेली, चुका असलेली फाईल पाहू या. कुणाची आहे?" कुणी हात वर करेना. पडद्याला माझा लॅपटॉप जोडलेला होता. सरांनी त्यातली सगळ्यात शेवटी उघडलेली फाईल उघडली.

मी फाटकापाशी होतो. ध्वनिक्षेपकावरून सरांचा खणखणीत आवाज आला: "वा! हे बघा! सगळं एकाच टेबलात कोंबलेलं आहे. नाव, गाव, रुसवा, कारण. आता पहिली नोंद वाचतो. सुंद्राआत्या, मोहोळ. रुसवा, हो. कारण: आमच्याकडच्या एका लग्नाच्या पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दुसऱ्यांदा वाढली नाही, असं म्हणते. प्रत्यक्षात तिसऱ्यांदा वाढली नाही."

मी धावलो.

"कोन म्हनतंय तिसऱ्यांदा?" सुंद्राआत्या उभी राहिली होती. "दुसऱ्यांदाच न्हाय वाढली! हुग्गीवर तूप बी नव्हतं!"

सरांना वाटलं, विद्यार्थिनी शंका विचारते आहे. ते प्रसन्न झाले. "पाहिलंत? एकाच घटनेची दोन माणसं दोन माहिती देतात. म्हणून माहिती कुणी दिली, तेही नोंदवायचं असतं. लिहून घ्या." बेचाळीस जणांनी लिहून घेतलं.

"पुढची नोंद. गुरुनाथकाका. कारण: कुकर नेला, शिट्टीशिवाय परत आणला."

"शिट्टी नव्हतीच त्याला!" गुरुनाथकाका मागून ओरडले. "सिद्धूच्या लग्नात बिनशिट्टीचाच दिला हुता त्यो कुकर!"

"कुणी दिला होता?" कुणीतरी विचारलं.

काका खाली बसले. "मीच."

हॉल हसून लोटपोट झाला. कंपाउंडरनं हात वर केला. "सर, एकाच माणसाची रुसायची दोन-तीन कारणं असली तर? रकाना पुरत नाही."

"अप्रतिम प्रश्न!" सर टाळी वाजवून म्हणाले. "मग कारणांचं टेबल वेगळं करायचं. माणूस एक, रुसवे अनेक. दोन्ही टेबलं माणसाच्या क्रमांकानं जोडायची." आणि सांगायला आनंद वाटतो की जे तत्त्व आमच्या गटाला दोन वर्षं कळत नव्हतं, ते आमच्या घराण्याच्या जोरावर दोन मिनिटांत सगळ्यांना कळलं. वाचनालयाच्या बाई तर म्हणाल्या, "आता आलं लक्षात. माझ्या जाऊबाईंचं असंच आहे."

मी तोवर व्यासपीठाच्या मागे पोहोचलो होतो. खाली तारांचं जंजाळ. पुढची नोंद कुणाची, ते मला पाठ होतं. मी हाताला लागलेला पहिला प्लग उपसला.

पडदा तसाच राहिला. पंखे आणि ध्वनिक्षेपक मात्र बंद पडले. पंख्यांची घरघर थांबली, हॉल एकदम शांत झाला, आणि सरांचा साधा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला:

"मलकाप्पा अण्णा, मंद्रूप. कारण: वास्तुशांतीला पाठमोरे दिसले. मी ऑफिसच्या साहेबांच्या सरबराईत होतो. त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून ओरडलो, ए, ती ताटं उचल. त्यांनी सगळ्या पंगतीची ताटं उचलली. तोंड फिरवलं तेव्हा ओळखलं आणि मी आत पळालो. न जेवता गेले. चूक माझी. महानंदाला सांगितलेलं नाही."

सर वाचता वाचता हळू झाले आणि थांबले. मी टेबलाखाली, हातात प्लग घेऊन. तिथून मला फक्त पाय दिसत होते. स्वयंपाकघराच्या दारातून महानंदाचे पाय निघाले, माझ्या टेबलापाशी आले, क्षणभर थांबले आणि सरळ शेवटच्या रांगेकडे गेले.

"अण्णा, तू ताटं उचललीस?"

"व्हय."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुज्या नव्या घरात पयल्याच दिशी भांडन कशाला, म्हनलं. दोन दिसांनी दाजी येतील, चुकलं म्हनतील. वाट बघितली की."

"नऊ वर्सं?"

"बघत बसलं की वेळ जातो," अण्णा म्हणाले.

मी टेबलाखालून बाहेर आलो. दीडशे माणसांसमोर, गुडघ्यांना धूळ, हातात प्लग, असा त्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेलो. आयुष्यात एवढं लांब मी कधी चाललो नाही. म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं."

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "ते तितं कवा लिवलं?"

"त्याच आठवड्यात."

"आन् मंद्रूपला यायला किती येळ लागतो?"

"एसटीनं... पाऊण तास."

अण्णांनी शेजारची खुर्ची जरा बाजूला सरकवली आणि तिच्यावर हात आपटला. मी बसलो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. लपवायचं काही उरलंच नव्हतं, सगळं पडद्यावर होतं! महानंदा दोघांच्या मध्ये उभी राहून एका डोळ्यानं भावाकडे आणि दुसऱ्यानं माझ्याकडे बघत होती. दोन डोळ्यांत दोन वेगवेगळी माणसं असावीत, असं ते बघणं होतं.

कंपाउंडरनं हळूच हात वर केला. "सर, ही नोंद आता दुरुस्त करायची का?"

"जेवणानंतर," सर म्हणाले, आणि डोक्यावरच्या टोपीनं त्यांनी चष्मा पुसला.

जेवण मात्र साठ माणसांचं होतं आणि पानं एकशे चाळीस! आचारी डोक्याला हात लावून बसला. तेव्हा ज्या आत्यानं हुग्गीवरून अकरा वर्षं अबोला धरला, तिनं पदर खोचला. "सरका. हितं म्या बघते." एका सुनेला तांदूळ आणायला पिटाळलं, आमटीचं पातेलं मोठ्यात ओतलं, दोघींना भाकऱ्या थापायला बसवलं. गुरुनाथकाका बाजारात जाऊन शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पोती घेऊन आले. यंत्रमागाचे दुकानदार वाढायला लागले, वाचनालयाच्या बाई पाणी देऊ लागल्या. दोन तास चाललेली ती पंगत मी विसरणार नाही. कुणाला काही कमी पडलं नाही, आणि आत्याला हुग्गी चार वेळा वाढली गेली. मी स्वतः मोजली.

पंगत उठायला लागली तेव्हा मी अण्णांच्या ताटाला हात घातला. त्यांनी ताट धरून ठेवलं. "ऱ्हाऊ द्या, दाजी. झालं की आता."

मागून महानंदाचा आवाज आला. "अण्णा, उचलू दे त्यांना."

अण्णांनी ताट सोडलं. मला वाटलं, एका ताटावर भागेल. मी वळून बायकोकडे पाहिलं. तिनं हनुवटीनं पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली. मी एकशे चाळीस ताटं उचलली. जोगळेकर सर मदतीला उठत होते, त्यांना सुंद्राआत्यानं खाली बसवलं. "तुमी बसा व्याहीबुवा. हे घरातलं हाय."

दुपारच्या सत्रात सरांनी माझीच फाईल सगळ्यांकडून नीट करून घेतली. माणसांचं टेबल वेगळं, कारणांचं वेगळं. रुसवा रकान्यातली एकेक खूण काढायला ज्याची त्याला पुढे बोलावलं. गुरुनाथकाकांनी माऊस आयुष्यात पहिल्यांदा धरला आणि स्वतःची खूण काढल्यावर टाळ्या पडल्या. अण्णा गेले. त्यांची बोटं जाड, चौकोन बारीक, नेम लागेना. शिवानीनं मामाच्या हातावर हात ठेवला आणि खूण गेली. मग तिनं मामानं आणलेली साडी तिथंच खांद्यावर टाकून दाखवली. (साखरपुडा नव्हता, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. आहेर मात्र कुणी परत नेला नाही. चौदा चादरी आमच्या कपाटावर आहेत.)

संध्याकाळी सरांची गाडी निघाली तेव्हा मी त्यांना सगळं खरं सांगितलं. टोपी, टॉवेल, पाय धुणं, सगळं. सर पोट धरून हसले. म्हणाले, "अहो, मी फायली दुरुस्त करायला आलो होतो." आणि त्यांनी माझा हात दाबला. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही. आमच्या गटाचेही. बेचाळीस अनोळखी माणसांनी माझी सगळी लाज पाहिली आणि वहीत फक्त टेबलाची रचना उतरवून नेली.

अर्थात, संसारात फुकट काही मिळत नाही. त्या एका दिवसात एकतीस घरं गोड झाली, हे खरं. पण ज्यांचं आमच्याशी उत्तम चाललं होतं, त्यांना दुसऱ्या दिवशी बातमी कळली. "सगळ्या भांडणाऱ्यांना बोलवलं, आमी काय शत्रू हाय का?" असा पहिला फोन सकाळी सातला आला. आजच्या तारखेला नवी बासष्ट घरं आमच्यावर रुसलेली आहेत. टेबलांची रचना आता निर्दोष असल्यामुळे ती व्यवस्थित नोंदवता आली.

महानंदा यंदा पंचमीला मंद्रूपला गेली. आता अण्णाही बाजाराच्या निमित्तानं सोलापुरात येतात आणि दोन-दोन दिवस राहतात. मी ऑफिसातून येतो तेव्हा बहीण-भाऊ ओट्यावर बसून शेंगा फोडत असतात आणि त्यांच्या घरच्या कन्नडमध्ये बोलत असतात. नऊ वर्षांचं साचलेलं आहे, इतक्यात संपायचं नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी कन्नडचे तीनच शब्द शिकलो: ऊटा, ब्याड आणि साकु. म्हणजे जेवण, नको आणि पुरे. नवऱ्याला एवढे पुरतात.

परवा दोघं खूप वेळ काहीतरी बोलत होती. मध्येच माझं नाव आलं आणि दोघं इतकी हसली, इतकी हसली, की अण्णांना ठसका लागला. महानंदाला असं हसताना मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. मी शिवानीला फोन लावून ते हसणं ऐकवलं आणि विचारलं, "तुला कन्नड समजतं ना? काय म्हणतायत ते माझ्याबद्दल?"

तिनं दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला किती शब्द येतात?"

"तीन."

"बास. चौथा शिकू नका."